म्हैस उडाली!

'टीअर आउफ टीअर' या जर्मन खेळात लाकडाचे छोटे प्राणी एकमेकांच्या पाठीवर रचायचे असतात. सगळ्यात खाली मगर. तिच्या पाठीवर मेंढी, मेंढीवर पेंग्विन, पेंग्विनच्या डोक्यावर साप, जमेल तसं. फासा टाकायचा आणि पडेल त्याप्रमाणे आपल्याजवळचे एक-दोन प्राणी वर चढवायचे. फाशाच्या एका बाजूवर हाताचं चित्र आहे. ते आलं की आपला प्राणी दुसऱ्या एखाद्या खेळाडूच्या हातात द्यायचा आणि त्याने तो चढवायचा. ज्याचे प्राणी आधी संपतील तो जिंकला. खेळ चार वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे. क्लाउस मिल्टेनबेर्गर यांनी रचलेला हा खेळ हाबा कंपनीने 2005 साली बाजारात आणला.

त्यातला एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. रचताना एखाददुसरा प्राणी पडला, तर तो आपल्याकडे परत घ्यायचा. पण दोनाहून जास्त पडले, अगदी अख्खा डोलारा कोसळला, तरी दोनच परत घ्यायचे. बाकीचे थेट खोक्यात.

म्हणजे मोठ्या चुकीची शिक्षा लहान चुकीपेक्षा वाढत नाही. मनोरा धाडकन कोसळतो, मेंढ्या टेबलाखाली जातात, सगळे ओरडतात आणि ज्याच्या हातून हे झालं ते पोरही सगळ्यांबरोबर खिदळू शकतं, कारण त्याचं फारसं काही गेलेलं नसतं. तिथे पाच-सहा प्राणी परत घ्यावे लागले असते, तर त्याच क्षणी ओठ बाहेर आला असता. शाळेत जाण्याआधीच्या वयातल्या मुलांच्या खेळातला विनोद खोक्यावरच्या चित्रात किंवा नावात शोधू नये, तो नियमांमध्ये शोधावा. विनोद कुणाच्या जिवावर होतो, किती किंमत घेऊन होतो आणि ज्याची फजिती झाली त्यालाही त्यात हसता येतं का, हे सगळं नियम लिहिणारा माणूस ठरवत असतो.

मुलाला विनोद कधीपासून कळतो, याचं उत्तर आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच आधीचं आहे. ब्रिस्टल विद्यापीठातल्या एलेना होइका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. चार वर्षांखालच्या 671 मुलांच्या पालकांना त्यांनी प्रश्न विचारले होते. काही बाळांना पहिल्या महिन्यातच गंमत कळत होती. अंदाजे निम्म्या मुलांना दुसऱ्या महिन्यापर्यंत ती कळू लागते आणि अकराव्या महिन्यापर्यंत निम्मी मुलं स्वतः गंमत करू लागतात. त्याआधी पोर्ट्समथच्या मानसशास्त्रज्ञ वासुदेवी रेड्डी यांनी पहिला वाढदिवसही न झालेल्या बाळांचं खोडकरपण बारकाईने टिपलं होतं. हातातली वस्तू पुढे करायची, समोरच्याने हात लांबवला की झटकन मागे घ्यायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत हसायचं. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे सांगायची गरज नाही. पदराआडून बुवाकुक करणाऱ्या आजीचा आणि आठ महिन्यांच्या नातवाचा तो रोजचा व्यवहार आहे. पण त्यात खेळाची सगळी हाडं आहेत: पाळी आहे, वाट पाहणं आहे, आता काय होणार याचा अंदाज आहे आणि तो अंदाज मोडण्याचा क्षण आहे.

पुढचा टप्पा शब्द आल्यानंतरचा. रशियन लेखक कॉर्नेई चुकोव्स्की यांनी मुलांच्या भाषेवर एक पुस्तक लिहिलं. ते 1928 साली प्रथम निघालं आणि पुढे 'दोन ते पाच' या नावाने जगभर गेलं. दोन वर्षंही पुरी न झालेली त्यांची मुलगी एक दिवस येऊन सांगते की कुत्रा म्याव करतो, आणि स्वतःच हसत सुटते. तिला नुकतंच पक्कं कळलेलं असतं की म्याव मांजर करतं. ते पक्कं झालं म्हणूनच ते मोडण्यात मजा. उलटंपालटं बोलल्याने मुलाचा गोंधळ होत नाही, उलट जगाची घडी त्याला किती नीट कळली आहे याची ते खात्री करून घेत असतं, असं चुकोव्स्की तळमळीने सांगत राहिले. त्या काळच्या सोव्हिएत शिक्षणखात्यातल्या मंडळींना अशा अद्भुत आणि निरर्थक गोष्टी मुलांसाठी घातक वाटत होत्या, आणि चुकोव्स्कींना त्यांच्याशी झगडावं लागलं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल मॅगी यांनी 1979 च्या आपल्या पुस्तकात मुलांच्या विनोदाच्या पायऱ्या मांडल्या. आधी वस्तूचा चुकीचा वापर, म्हणजे चमचा कानाला लावून फोन करणं. मग वस्तूला मुद्दाम चुकीचं नाव देणं. तीन वर्षांनंतर मोठी पायरी येते ती कल्पनेतल्या विसंगतीची: सायकल चालवणारी गाय, झाडावर राहणारा मासा. एका शब्दाचे दोन अर्थ खेळवणारा विनोद सातव्या वर्षाच्या आसपास कळायला लागतो. पुलंच्या कोट्यांना त्याआधी घरात श्रोता मिळणार नाही.

ही तिसरी पायरी आपण पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बोटं टेकवून खेळत आलो आहोत. सगळ्यांनी गोल बसायचं, पहिलं बोट फरशीवर टेकवायचं. राज्य असणारा म्हणतो, चिमणी उड, आणि सगळ्यांची बोटं वर. कावळा उड, बोटं वर. पोपट उड, बोटं वर. आणि त्याच ठेक्यात, आवाजात जराही फरक न करता, म्हैस उड! ज्याचं बोट वर गेलं तो आउट. एका क्षणात त्या खोलीत एक म्हैस उडालेली असते आणि ती सगळ्यांना दिसलेली असते. या खेळाला ना पट लागतो, ना सोंगटी, ना पैसा. तरी त्याची बांधणी इतकी नेमकी आहे की खेळ रचणाऱ्या कुणाही व्यावसायिकाने ती अभ्यासावी. ठेका सवय लावतो, सवय बोट उचलते आणि डोकं मागून येतं. फजितीही बेताची असते, दोन मिनिटांत नवा डाव सुरू होतो.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतलं आहे. 'ऑपरेशन' हा खेळ मिल्टन ब्रॅडली कंपनीने 1965 साली आणला. मूळ कल्पना जॉन स्पिनेलो या विद्यार्थ्याची, आणि ती त्याने अवघ्या 500 डॉलरना विकली होती. टेबलावर झोपवलेल्या पेशंटच्या अंगातल्या खाचांमधून चिमट्याने वस्तू काढायच्या. कडेला चिमटा लागला की घंटी घुरघुरते आणि त्याचं लाल नाक पेटतं. काढायच्या वस्तू म्हणजे इंग्रजी वाक्प्रचारांवरच्या कोट्या आहेत. पोटातली फुलपाखरं काय, कोपरातलं गमतीचं हाड काय, सगळा विनोद वाचता येणाऱ्या आणि ते वाक्प्रचार माहीत असणाऱ्या माणसासाठी. घरातलं चार वर्षांचं भावंड त्या कोट्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. ते हसतं नाकाला. कित्येकदा ते मुद्दामच चिमटा कडेला लावतं, कारण त्याला हाड काढण्यात रसच नसतो, नाक पेटवायचं असतं. त्याने त्याच्यापुरता योग्य खेळ शोधलेला असतो आणि मोठी माणसं त्याला 'असं नाही, नीट खेळ' म्हणून दटावत असतात.

नाक पेटण्यासारखा क्षण मध्यभागी ठेवून रचलेला खेळ जपानच्या टोमी कंपनीने 1975 साली काढला. पिंपात बसवलेला काळ्या दाढीचा समुद्री चाचा आणि पिंपाच्या भोकांत एकेक करून खुपसायच्या प्लॅस्टिकच्या तलवारी. एका भोकात चाप दडलेला असतो आणि दर डावाला त्याची जागा बदलते. तलवार तिथे गेली की चाचा उडतो. सुरुवातीच्या नियमांत ज्याच्या तलवारीने चाचा उडाला तो जिंकत असे, कारण गोष्ट अशी होती की तलवारीने दोर कापून चाच्याला सोडवायचं आहे. पुढे तो नियम फिरला आणि उडवणारा हरू लागला. गंमत म्हणजे मुलांच्या हसण्यात त्याने काही फरक पडत नाही. चाचा उडतो तेव्हा आपण जिंकलो की हरलो याचा हिशेब तीन वर्षांच्या मुलाकडे नसतोच. तोंडावर हात धरून, डोळे अर्धे मिटून तलवार ढकलण्यात सगळा खेळ आहे. आपल्या जत्रांत आणि खेळण्यांच्या दुकानांत मिळणारी, एकेक दात दाबत जायची प्लॅस्टिकची मगर याच घराण्यातली. बॅटरी नाही, लिहिलेले नियम नाहीत, भाषा नाही. नांदेडच्या घरात ती जशी चालते तशीच न्यू जर्सीच्या.

आता पडण्याकडे वळू, कारण या वयाच्या विनोदाचा गाभा तिथे आहे. सापशिडीतही पडणं आहे. 98 वर सापाच्या तोंडी गेलेली सोंगटी खाली येते, आणि चार वर्षांचं मूल रडतं. तिथे हसावं अशी त्या पटाची मुळात अपेक्षाही नव्हती. आपल्याकडे तो मोक्षपट किंवा ज्ञानचौपड म्हणून खेळला जात होता. घराघराला दोषांची आणि गुणांची नावं होती आणि साप हा दोषाचा परिणाम होता. कोपनहेगनचे अभ्यासक याकोब श्मिट-मॅडसेन यांनी 2019 साली पश्चिम भारतातल्या या पटांवर आपला प्रबंध लिहिला. इंग्रजांनी तो पट नेला आणि नैतिक नावं हळूहळू पुसली गेली. साप मात्र राहिले. आता पडण्याला अर्थ उरला नाही आणि गंमतही आली नाही. फाशाने ठरवलं, सोंगटी गेली.

तेच पडणं 'सुपर राइनो' या खेळात पाहावं. हाबाचाच खेळ, 2011 सालचा, स्कॉट फ्रिस्को आणि स्टीव्हन स्ट्रम्फ या दोघांचा. पत्ते दुमडून भिंती करायच्या, आडव्या पत्त्यांचं छप्पर टाकायचं आणि मजल्यावर मजला चढवत जायचं. या पत्त्यांच्या इमारतीवर चढणारा वीर म्हणजे एक गेंडा. जगातला वजनदार प्राणी आणि जगातलं सगळ्यात कच्चं घर यांची गाठ घालण्यातच अर्धा विनोद आहे, आणि तो पाच वर्षांच्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही. काही छपरांवर गेंड्याची खूण असते. तसं छप्पर आलं की पुढच्याने त्याला खालच्या मजल्यावरून उचलून वर न्यायचं. इमारत हलते. सगळ्यांचा श्वास अडकतो. घर कोसळतं तेव्हा ते सगळ्यांनी मिळून बांधलेलं असतं, सगळ्यांनी ते हलताना पाहिलेलं असतं आणि ते पडणार हे सगळ्यांना पहिल्या मजल्यापासून ठाऊक असतं. पाडणारा हरतो, तरी सगळ्यांत मोठ्याने तोच हसतो, असं मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे. सापाने गिळलेली सोंगटी एकट्याची असते आणि तिचं पडणं आधी दिसत नाही. माझ्या मते हसू आणि रडू यांच्यातलं अंतर एवढंच आहे.

हरण्याचा भार कुठे ठेवायचा, या प्रश्नाला सगळ्यात सुंदर उत्तर 1986 साली आनेलीझे फारकाशोव्स्की या बाईंनी दिलं. त्यांचा 'ओब्स्टगार्टन', म्हणजे फळबाग, हाबाचा सगळ्यात ओळखीचा खेळ. बवेरियातल्या बाड रोडाख या लहानशा गावात 1938 साली लाकडी वस्तू करणारा कारखाना म्हणून सुरू झालेली ही कंपनी. फळबागेत चार झाडं, प्रत्येकावर दहा लाकडी फळं, चार टोपल्या आणि मध्ये नऊ तुकड्यांत पुरा होणारा एक डोमकावळा. फाशावर रंग आला की त्या रंगाचं फळ तोडून टोपलीत. टोपली आली की हवी ती दोन फळं. कावळा आला की त्याचा एक तुकडा पटावर. कावळा पुरा होण्याआधी बाग रिकामी झाली तर सगळी मुलं जिंकली, नाहीतर कावळा जिंकला. मुलांच्या आपापसात कुणी हरतच नाही. तीन वर्षांच्या मुलीच्या हातून कावळा पडला तर तिला कुणी बोलत नाही, सगळे मिळून कावळ्याला रागावतात. रागावणं बघता बघता नाटक होतं, नाटकाचं हसू होतं. 2009 साली याचीच दोन वर्षांच्या मुलांसाठी धाकटी आवृत्ती निघाली. तिच्यात कावळा वाटेवरून एकेक पाऊल टाकत बागेकडे येतो, म्हणजे तो जवळ येताना दिसतो. बुवाकुकातली वाट पाहण्याची मजा इथे पटावर आली आहे.

मराठी मुलाला कावळ्याची ही जागा ओळखीची आहे. चिऊ-काऊच्या गोष्टीत त्याचं घर पावसात वाहून जातं आणि तो चिऊचं दार ठोठावत राहतो. ती दर वेळी बाळाचं नवं काम सांगून त्याला ताटकळत ठेवते. तिसऱ्यांदा गोष्ट ऐकणारं मूल चिऊचं उत्तर आपणच आधी सांगून टाकतं आणि खुदखुदतं. ठोठावणं, थांबवणं, पुन्हा ठोठावणं. फाशावर पुन्हापुन्हा येणारा कावळा आणि दारावर पुन्हापुन्हा येणारा काऊ मुलाच्या मनात एकाच फांदीवर बसत असणार.

माणसालाच हास्याचा विषय करणारे खेळ जास्त अवघड असतात. क्लाउस त्सोख यांचा 'त्सिके त्साके ह्यूनरकाके' हा खेळ त्यातला. नावातच कोंबडीची शी आहे, आणि जर्मन मुलं ते नाव उच्चारतानाच हसू लागतात. लाकडी कोंबड्या गोल वाटेवर धावतात. पुढच्या घरावर जे चित्र आहे तेच मधल्या पालथ्या चकत्यांतून आठवणीने उलटायचं. पुढच्या कोंबडीला ओलांडलं की तिच्या शेपटीची पिसं आपल्या शेपटीत. जर्मनीत 1979 पासून 'श्पील देस यारेस' म्हणजे वर्षातल्या उत्तम खेळाचा सन्मान दिला जातो. 1989 पासून त्यात मुलांच्या खेळासाठी विशेष पारितोषिक आलं आणि 2001 पासून तो स्वतंत्र पुरस्कार झाला. 1998 चं विशेष पारितोषिक या कोंबड्यांना मिळालं. खेळाची खरी करामत अशी की त्यात आजोबा खरोखर हरतात. कुठली चकती कुठे आहे हे पाच वर्षांच्या मुलाला बरोबर आठवतं आणि आजोबांची कोंबडी भुंडी होते. मुलांसाठी मोठ्या माणसाच्या खऱ्या फजितीइतकं विनोदी दुसरं काही नसावं. मुद्दाम हरलेलं त्यांना ओळखू येतं आणि त्याचा त्यांना कंटाळा येतो. पण कोंबडी आपलीच भुंडी झाली तर? तेव्हा साडेतीन-चार वर्षांच्या मुलाचं रडू आवरत नाही. म्हणून हा उत्तम खेळ मी एवढ्या लहानांना देणार नाही.

आपल्याकडे याची सोय खेळातच होती. सर्वांत लहान भावंडाला कच्चं लिंबू म्हणून घेतलं जायचं. ते पळणार, ओरडणार, सगळ्यांबरोबर हसणार, पण आउट होणार नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांनी 1932 साली मुलांच्या गोट्यांच्या खेळाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांना दिसलं की अगदी लहान मुलं एकत्र बसून आपापला डाव खेळतात आणि सगळेच्या सगळे जिंकले असंही म्हणतात. वाड्याच्या चौकातल्या मुलांनी हे अभ्यासाशिवाय ओळखलं होतं आणि त्यासाठी जागा करून दिली होती. आजच्या खोक्यांतल्या नियमांमध्ये कच्च्या लिंबाची जागा क्वचितच असते. ती घरच्यांनी करून घ्यावी.

शी-शूच्या खेळांबद्दल थोडक्यात. गोलायथ कंपनीच्या एका खेळात प्लॅस्टिकच्या कुत्र्याला भरवायचं, पट्टा दाबायचा, आवाज येत राहतात आणि शेवटी जे पडायचं ते पडतं. तीन वेळा फावड्याने गोळा करणारा जिंकतो. आयांना तो किळसवाणा वाटतो. माझा आक्षेप वेगळा आहे. नुकतीच चड्डी सांभाळायला शिकलेल्या मुलाला हा विषय विनोदी वाटणं अगदी साहजिक आहे, पण या खेळात मुलाच्या हातात फार थोडं असतं. फासा सांगेल तितक्या वेळा दाबायचं आणि थांबायचं. दोन-चार डावांनंतर आवाज ऐकू येतो, हसू येत नाही.

आपल्या दुकानांत वेगळीच अडचण आहे. तीन ते सहा वयाच्या मुलांसाठीचं जवळजवळ प्रत्येक खोकं काहीतरी शिकवायला निघालेलं असतं: आकडे, मुळाक्षरं, रंग, इंग्रजी शब्द. चूक झाली की पुन्हा प्रयत्न करा. फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' आणला. त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टी आहेत, आणि खेळातून शिक्षण ही भूमिका सरकारने अधिकृतपणे घेतली याचा मला मनापासून आनंद आहे. काळजी एवढीच की खेळ शिक्षणाचं वाहन झाला की हसू हा आवाज ठरतो आणि आवाज कमी केला जातो. मॉन्टेसरी साहित्यात चूक मूल स्वतः ओळखतं: दट्ट्या चुकीच्या खाचेत बसत नाही, मूल तो गुपचूप काढतं. ती फार मोलाची रचना आहे. पण मुलाला गुपचूप दुरुस्त होणाऱ्या चुकीइतकीच धडाम आवाज करणारी चूकही हवी असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला जे काम केलं, त्यात मॉन्टेसरीचा पाया होता, पण हाताशी होती गाणी, गोष्टी, बिया, पानं, शंख-शिंपले. त्या वाटेवर विनोदी पटाला सहज जागा होती. मराठीने लहान मुलांसाठी उलटंपालटं जग कवितेत निर्माण केलं आहे, विंदा करंदीकरांचा 'एटू लोकांचा देश' त्याची साक्ष आहे. पटावर मात्र ते अजून आलेलं नाही.

ते आणणं कठीण नाही. शेजारच्या मुलांबरोबर मी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या करून एक खेळ खेळते. दोन पिशव्या. एकीत प्राण्यांची चित्रं, दुसरीत कामांची: उडणं, पोहणं, झाडावर चढणं, अंडं घालणं, दूध देणं. प्रत्येक पिशवीतून एकेक काढायची. जोडी खरी असेल तर सगळ्यांची मिळून एकच असलेली सोंगटी एक घर पुढे. जोडी खोटी असेल तर सगळ्यांनी त्या प्राण्याचा अभिनय करून दाखवायचा, आणि मग सोंगटी दोन घरं पुढे. म्हणजे चुकीच्या जोडीला जास्त बक्षीस. मासा झाडावर चढला की खोली डोक्यावर घेतली जाते. सगळ्यात मोठा वाद कोंबडी आणि उडणं या जोडीवर झाला. एक मुलगी म्हणाली, कोंबडी उडत नाही. दुसरा म्हणाला, आमच्या मामाकडची उडते, भिंतीवर जाऊन बसते. कुणीच माघार घेईना. शेवटी त्यांनीच तोडगा काढला: अभिनय करायचा, पण एकच घर पुढे जायचं. नियम बदलण्याचा अधिकार मुलांनी असा सहज हातात घेतला, याचं मला फार अप्रूप वाटलं.

असे खेळ चांगल्या लाकडात करू शकणारे हात आपल्याजवळ आहेत. सावंतवाडीच्या चितार आळीत आंबा, केळं, काजू अशी लाकडी फळं पिढ्यान्‌पिढ्या रंगवली जातात आणि ती बहुतेक दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात जाऊन बसतात. तीच फळं एका पटासाठी, एका मराठी काऊसह, एकमेकांवर रचता येतील अशा बुडाची करून द्यायला सांगणारं कुणीतरी हवं. तीन वर्षांखालच्या हातात जायची असतील तर ती तोंडात मावणार नाहीत इतकी मोठी आणि रंग न सुटणारी असावीत, एवढी काळजी घ्यावी लागेल. चित्रकार आहेत, बालसाहित्याचे प्रकाशक आहेत. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे गावोगाव अंगणवाड्या आहेत आणि तिथे गोल बसलेली मुलंही आहेत. सरकारची पुढची पेटी तयार होईल तेव्हा तिच्यात एक खेळ म्हैस उडवणारा असावा, आणि त्याच्या खोक्यावर त्याने कोणतं कौशल्य वाढतं हे छापलेलं नसावं.